नवे यान मागे ठेवून : 'सोयूझ टी-११'ची सफर आणि तिच्यामागची साखळी

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो : "अंतराळात जाणारे पहिले भारतीय कोण?" आपले विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतात, "राकेश शर्मा." एखादा हुशार विद्यार्थी यानाचे नाव 'सोयूझ टी-११' आणि साल १९८४ हेही सांगून टाकतो. उत्तर बरोबर असते, एक गुण मिळतो आणि पान उलटले जाते. परंतु याच प्रसंगावर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. राकेश शर्मा ज्या यानातून वर गेले, त्याच यानातून ते परत आले काय?

याचे उत्तर 'नाही' असे आहे. ते गेले 'सोयूझ टी-११' या नव्या यानातून आणि परतले 'सोयूझ टी-१०' या जुन्या यानातून. हे असे का घडले, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे एका माणसाच्या पराक्रमाची म्हणून आपण पाठ केलेली गोष्ट अनेकांच्या श्रमांची साखळी बनून समोर उभी राहते. या साखळीतील काही दुवे आपण क्रमाने पाहू. विज्ञान शाखेचे नसलेल्या सभासदांनाही विषय समजावा म्हणून तांत्रिक बाबी शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडल्या आहेत.

१. प्रवासी आणि मुक्कामाचे ठिकाण

प्रथम प्रवाशांचा परिचय करून घेऊ. यानाचे कमांडर होते युरी मालिशेव आणि फ्लाइट इंजिनिअर होते गेन्नादी स्त्रेकालोव. हे दोघेही सोव्हिएत संघाचे. तिसरे, भारतीय हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. ते मूळचे पतियाळाचे, जन्म १३ जानेवारी १९४९ चा. १९७१ च्या युद्धात त्यांनी लढाऊ विमान चालवले होते. या सफरीत त्यांच्याकडे संशोधक अंतराळवीराचे काम होते.

भारताने या मोहिमेसाठी दोन वैमानिक निवडले होते. दुसरे विंग कमांडर रवीश मल्होत्रा. दोघांनीही मॉस्कोजवळच्या युरी गागारिन प्रशिक्षण केंद्रात एकच अभ्यासक्रम पूर्ण केला. दोघांनाही आधी रशियन भाषा शिकावी लागली, कारण यानातील प्रत्येक पाटी, प्रत्येक सूचना आणि प्रत्येक बोलणे त्याच भाषेत होते. मल्होत्रा यांनी आनातोली बेरेझोवोय आणि गिओर्गी ग्रेच्को यांच्यासह राखीव चमूत तयारी केली. शर्मा ऐनवेळी आजारी पडले असते, तर मल्होत्रा गेले असते. तशी वेळ आली नाही. तेवढीच मेहनत करून, तेवढेच ज्ञान मिळवून मल्होत्रा जमिनीवरच राहिले. राखीव माणूस तयार असल्याशिवाय अशी मोहीम आखताच येत नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

मुक्कामाचे ठिकाण होते 'साल्यूत-७' हे अंतराळस्थानक. १९ एप्रिल १९८२ रोजी ते पृथ्वीभोवती फिरत ठेवण्यात आले. वजन सुमारे १९ टन, लांबी सुमारे १६ मीटर. आत वावरण्याजोगी जागा सुमारे ९० घनमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन मध्यम खोल्यांएवढी. पृथ्वीपासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते साधारण दीड तासात एक फेरी पूर्ण करीत असे. त्यातील रहिवाशांना चोवीस तासांत सुमारे सोळा वेळा सूर्योदय दिसे.

या स्थानकाला यान जोडण्यासाठी दोन द्वारे होती, एक पुढे व एक मागे. ही दोन द्वारे वाचकांनी ध्यानात ठेवावीत, कारण यानांच्या अदलाबदलीचा उलगडा त्यांतूनच होतो.

२. तिसऱ्या आसनाची किंमत

शर्मा यानातील तिसऱ्या आसनावर बसले. हे तिसरे आसन सहजासहजी मिळालेले नव्हते.

जून १९७१ मध्ये 'सोयूझ-११' यानातून गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि व्हिक्टर पात्सायेव हे तिघे 'साल्यूत-१' या जगातील पहिल्या अंतराळस्थानकावर गेले. तेथे त्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ यशस्वी काम केले. ३० जून रोजी परत येताना यानाचे भाग एकमेकांपासून सुटे झाले आणि त्याच क्षणी हवेचा दाब समान करणारी एक झडप अवेळी उघडली. ही झडप वास्तविक जमिनीजवळ आल्यावर उघडायची होती. काही क्षणांतच आतील हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे हवाई छत्रीने जमिनीवर उतरले, पण दार उघडले तेव्हा तिघेही मृत झालेले होते. त्यांच्या अंगावर दाबरोधक पोशाख नव्हते. तीन माणसे पोशाखासह बसतील एवढी जागाच त्या यानात नव्हती.

या दुर्घटनेनंतर सोयूझ यानातून दोनच माणसे पाठवण्याचा निर्णय झाला, मात्र दोघांच्याही अंगावर पोशाख असणे सक्तीचे करण्यात आले. तिसऱ्या आसनाची जागा प्राणरक्षक साहित्याने घेतली. १९७८ पासून सोव्हिएत संघ इतर देशांचे पाहुणे अंतराळवीर नेऊ लागला. मार्च १९७८ मध्ये गेलेले चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमिर रेमेक हे त्यांतील पहिले. सोव्हिएत वा अमेरिकन नसलेले अंतराळात गेलेले जगातील पहिले गृहस्थही तेच. रेमेक यांच्यासोबत एकच सोव्हिएत कमांडर होता, कारण आसने दोनच होती. त्यानंतर पोलंड, पूर्व जर्मनी, बल्गेरिया, हंगेरी, व्हिएतनाम, क्युबा, मंगोलिया आणि रुमानिया या देशांचे वीर असेच दोघांच्या यानातून गेले. त्यांतील क्युबाचे आर्नाल्दो तामायो मेंदेस यांनी लहानपणी बूट पॉलिश करण्यासारखी कामे करून दिवस काढले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दरम्यान अभियंत्यांनी यानाची रचना नव्याने केली. यंत्रणा आटोपशीर केल्या, संगणक बसवला, हलके पोशाख तयार केले. हे नवे यान म्हणजे 'सोयूझ टी'. जून १९८० मध्ये माणसांसह त्याचे पहिले उड्डाण झाले, ते 'सोयूझ टी-२' या नावाने, आणि त्याचे कमांडर होते हेच युरी मालिशेव. त्या सफरीत स्थानकाजवळ पोहोचताना संगणकाने दगा दिला आणि मालिशेव व त्यांचे सहकारी व्लादिमिर आक्स्योनोव यांना हाताने यान जोडावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'सोयूझ टी-३' मधून नऊ वर्षांनंतर प्रथमच तिघे एकत्र गेले. जून १९८२ मध्ये फ्रान्सचे जाँ-लू क्रेतियाँ याच तऱ्हेच्या यानातून 'साल्यूत-७' वर जाऊन आले. त्यांच्या नंतरचे पाहुणे राकेश शर्मा. अशा रीतीने भारत हा पाहुणा पाठवणारा अकरावा देश ठरला.

तेव्हा शर्मा ज्या आसनावर बसले त्याच्यामागे तिघांचे बलिदान होते आणि त्या मृत्यूंचे कारण शोधून यान सुधारणाऱ्या शेकडो अनामिक अभियंत्यांची नऊ वर्षांची मेहनत होती.

३. स्त्रेकालोव यांचा तिसरा प्रयत्न

आता शर्मांच्या शेजारी बसलेल्या गेन्नादी स्त्रेकालोव यांच्याकडे वळू. आपल्याकडील लेखांत त्यांचे नाव एका ओळीत उरकले जाते. वास्तविक त्यांची कहाणी स्वतंत्र धड्याला पुरेल एवढी आहे.

एप्रिल १९८३ मध्ये ते 'सोयूझ टी-८' मधून 'साल्यूत-७' कडे निघाले. उड्डाणाच्या वेळी यानाचा रडारचा अँटेना तुटून गेला. अंतर व वेग सांगणारे यंत्रच उरले नाही. कमांडर व्लादिमिर तितोव यांनी केवळ नजरेच्या अंदाजाने यान जवळ नेण्याचा प्रयत्न केला, पण टक्कर होण्याचा धोका दिसताच माघार घेतली. स्थानक डोळ्यांसमोर असूनही तिघांना परत फिरावे लागले.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री, तितोव आणि स्त्रेकालोव पुन्हा बैकानूरच्या तळावर अग्निबाणाच्या टोकाशी बसले होते. सुटण्यास दीड मिनिट उरले असता अग्निबाणाच्या पायथ्याशी आग लागली. आगीत तारा जळाल्यामुळे सुटकेचा संदेश तारांवाटे जाईना. नियंत्रकांना तो रेडिओवरून द्यावा लागला. यानाच्या माथ्यावर बसवलेल्या छोट्या सुटका-अग्निबाणांनी दोघांना यानासह वर खेचून नेले आणि त्यानंतर अवघ्या काही सेकंदांत खालचा संपूर्ण अग्निबाण स्फोटाने उद्ध्वस्त झाला. त्या क्षणांत दोघांच्या शरीरांवर नेहमीच्या वजनाच्या चौदा ते सतरा पट भार आला. यान काही किलोमीटरवर छत्रीने उतरले. दोघांना मुका मार लागला, पण प्राण वाचले. ही दुर्घटना त्या वेळी जनतेला जाहीर करण्यात आली नव्हती.

या घटनेला जेमतेम सहा महिने झाले असता, ३ एप्रिल १९८४ रोजी, स्त्रेकालोव पुन्हा त्याच तऱ्हेच्या अग्निबाणावर चढले. या वेळी त्यांच्या शेजारी एक भारतीय तरुण होता. भीती वाटली नसेल असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या यंत्रणेने आपल्याला आगीतून बाहेर काढले, तिच्या कामाचा अनुभव असलेला माणूस शेजारी असणे, ही नव्या प्रवाशाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट होती!

४. उड्डाण आणि भेट

भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी अग्निबाण सुटला. सुमारे नऊ मिनिटांत यान पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचले. मात्र कक्षेत पोहोचणे म्हणजे स्थानकावर पोहोचणे नव्हे. खालच्या कक्षेतील यान वरच्या कक्षेतील स्थानकापेक्षा लवकर फेरी पूर्ण करते. त्यामुळे आधी खाली राहून अंतर कापायचे आणि मग बेताबेताने इंजिन चालवून कक्षा उंचावत स्थानक गाठायचे, अशी ही पद्धत असते. या पाठलागाला सुमारे एक दिवस लागला. ४ एप्रिल रोजी यान 'साल्यूत-७' च्या मागच्या द्वाराला जोडले गेले.

पुढच्या द्वाराला आधीच एक यान उभे होते, ते 'सोयूझ टी-१०'. त्यातून ८ फेब्रुवारी १९८४ रोजी लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव आणि ओलेग आत्कोव हे तिघे दीर्घ मुक्कामासाठी आले होते. आत्कोव हे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर होते. यजमान तीन आणि पाहुणे तीन मिळून स्थानकावर सहा माणसे झाली. त्याच आठवड्यात, ६ एप्रिल रोजी, अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे यान पाच जणांना घेऊन एका नादुरुस्त उपग्रहाच्या दुरुस्तीसाठी निघाले. त्यामुळे काही दिवस एकाच वेळी अकरा माणसे अंतराळात होती. तोवर एवढी संख्या कधीच झालेली नव्हती. दोन महासत्तांचे वैर जमिनीवर टोकाला गेलेले असताना वर हे चित्र होते.

५. सात दिवसांचे काम

पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा राकेश शर्मांशी झालेला संवाद सर्वांना ठाऊक आहे. वरून भारत कसा दिसतो, या प्रश्नाला शर्मांनी इक्बाल यांच्या सुप्रसिद्ध गीताच्या पहिल्या शब्दांनी उत्तर दिले. या संवादाच्या लोकप्रियतेमुळे त्या आठवड्यातील प्रत्यक्ष काम मात्र झाकले गेले आहे. ते थोडक्यात असे :

(अ) भूमीचे छायाचित्रण. सहा वेगवेगळ्या प्रकाशपट्ट्यांत एकाच वेळी छायाचित्रे घेणारा 'एमकेएफ-६एम' हा कॅमेरा स्थानकावर होता. 'टेरा' या नावाच्या कार्यक्रमात त्याच्या साहाय्याने भारताच्या भूभागाची छायाचित्रे घेण्यात आली. एकाच शेताचे वा जंगलाचे चित्र निरनिराळ्या प्रकाशात निरनिराळे उमटते. त्यावरून पीक, माती, पाणी आणि वनांची स्थिती ओळखता येते. पुढे १७ मार्च १९८८ रोजी भारताचा 'आयआरएस-१ए' हा दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला, तोही याच बैकानूर तळावरून.

(आ) शरीरावरील प्रयोग. वजनरहित अवस्थेत शरीरातील रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा होतो, अनेकांना मळमळते. पायांना भार नसल्याने स्नायू अशक्त होऊ लागतात. यावर योगासनांचा काही उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी शर्मांनी उड्डाणापूर्वी आणि स्थानकावरही योगाभ्यास केला. डॉक्टर आत्कोव तेथेच असल्यामुळे वैद्यकीय तपासण्या नीट होऊ शकल्या. येथे विद्यार्थ्यांनी एक सूत्र लक्षात घ्यावे. एका माणसावर, एका आठवड्यात केलेल्या प्रयोगावरून सर्वांना लागू पडणारा नियम काढता येत नाही. असा प्रयोग प्रश्न नेमका कसा विचारावा हे शिकवतो. उत्तरासाठी तो अनेकांवर, अनेक वेळा करावा लागतो.

(इ) पदार्थविज्ञान. वजनरहित अवस्थेत वितळवलेले पदार्थ थंड होताना कसे घट्ट होतात, याचेही प्रयोग झाले. जमिनीवर जड भाग खाली बसतो व हलका वर येतो. वर तसे घडत नाही. त्यामुळे नव्या तऱ्हेचे मिश्रण मिळते काय, हे पाहायचे होते.

म्हैसूर येथील संरक्षण खात्याच्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेने शर्मांसोबत शिरा, आलू-छोले आणि भाज्यांचा पुलाव असे पदार्थ तयार करून दिले होते. सहा जणांच्या पंगतीत हे भारतीय जेवण वाटले गेले.

६. यानांची अदलाबदल

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ११ एप्रिल १९८४ रोजी मालिशेव, स्त्रेकालोव आणि शर्मा परत निघाले, तेव्हा ते स्वतःच्या नव्या यानात बसले नाहीत. यजमानांचे दोन महिन्यांचे जुने 'सोयूझ टी-१०' घेऊन ते निघाले आणि आपले यान त्यांनी मागे ठेवले.

याचे कारण असे. स्थानकाला जोडलेले यान म्हणजे तेथील रहिवाशांची प्राणरक्षक होडी. आग लागली, हवा गळू लागली वा कोणी आजारी पडले, तर त्यातच बसून निसटायचे असते. परंतु अवकाशात नुसते उभे असलेले यानही हळूहळू जुने होत जाते. पृथ्वीवर उतरताना यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिने हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात, आणि हे रसायन साठवणीत आपोआप विघटित होत राहते. ऊन आणि गारठा यांच्या फेऱ्यांत इतर भागही झिजतात. म्हणून यानाच्या अवकाशातील मुक्कामाला काही महिन्यांची मर्यादा असते.

किझिम यांच्या चमूला आठ महिने राहायचे होते. तेच यान शेवटपर्यंत ठेवले असते, तर परतीच्या दिवशी ते २३७ दिवसांचे जुने झाले असते. पाहुण्यांनी नवे यान ठेवल्यामुळे परतीच्या दिवशी त्यांच्या हाती सुमारे सहा महिन्यांचे यान आले. २ ऑक्टोबर १९८४ रोजी किझिम, सोलोव्योव आणि आत्कोव हे तिघे 'सोयूझ टी-११' मधूनच सुखरूप उतरले. तोवर एवढा दीर्घ मुक्काम कोणीही केलेला नव्हता.

या अदलाबदलीत एक लहानसे पण बोलके काम असते. प्रत्येक अंतराळवीराच्या शरीराचा साचा घेऊन त्याच्या मापाचे आसन-अस्तर बनवलेले असते. जमिनीवर आदळताना पाठीच्या कण्याला इजा होऊ नये, यासाठी ही योजना असते. यान बदलायचे तर सहाही अस्तरे काढून एकमेकांच्या यानांत बसवावी लागतात. आपली जागा दुसऱ्याला देणे म्हणजे काय, हे या कामात डोळ्यांना दिसते.

शर्मा व त्यांचे सहकारी भारतीय वेळेनुसार दुपारी ४ वाजून १८ मिनिटांनी, आजच्या कझाकस्तानात उतरले. प्रवास ७ दिवस, २१ तास आणि ४० मिनिटांचा झाला. भारत सरकारने तिघांनाही अशोक चक्र देऊन गौरविले, आणि सोव्हिएत सरकारने शर्मांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दिला.

७. गळक्या नळीची दुरुस्ती

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शर्मा ज्या स्थानकावर राहिले, ते तेव्हा पूर्णपणे धडधाकट नव्हते. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याच्या इंजिनांकडे जाणारी एक नळी फुटून त्यातील द्रव्य गळून गेले होते. ही दुरुस्ती हेच किझिम व सोलोव्योव यांच्यावरील मोठे काम होते. नळीचा तो भाग स्थानकाच्या बाहेरच्या आवरणाखाली होता आणि अवकाशात उघडून दुरुस्त करण्यासाठी तो मुळी बनवलेलाच नव्हता.

दुरुस्तीची अवजारे 'प्रोग्रेस' या मालवाहू यानातून यायची होती. इंधन भरणारे मालवाहू यान मागच्या द्वाराला जोडावे लागते. पाहुणे जुने यान घेऊन गेल्यामुळे पुढचे द्वार मोकळे झाले. मग 'सोयूझ टी-११' मागून काढून पुढे लावण्यात आले आणि मागचे द्वार 'प्रोग्रेस-२०' साठी रिकामे झाले. एप्रिलच्या मध्यास हे मालवाहू यान आले. २३ एप्रिलपासून ४ मेपर्यंत किझिम आणि सोलोव्योव चार वेळा स्थानकाबाहेर पडले. जाड हातमोजे घालून त्यांनी आवरण कापले आणि गळका भाग टाळून जाणारी पर्यायी नळी बसवली. तरीही गळती पूर्ण थांबेना. तेव्हा जुलैमध्ये व्लादिमिर जानिबेकोव यांच्या चमूने खास बनवलेले अवजार आणले आणि ते कसे वापरायचे हे यजमानांना शिकवले. याच चमूतील स्वेतलाना साविस्काया यांनी २५ जुलै १९८४ रोजी स्थानकाबाहेर पडून काम केले. अवकाशात यानाबाहेर पडणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. अखेर ८ ऑगस्ट रोजी किझिम आणि सोलोव्योव यांनी ती नळी चेपून कायमची बंद केली.

पुढे १९८५ मध्ये हे स्थानक वीज संपून निपचित पडले, तेव्हा जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख यांनी गोठलेल्या स्थानकात शिरून ते पुन्हा सुरू केले. १९८६ मध्ये किझिम व सोलोव्योव यांनी नव्या 'मीर' स्थानकावरून 'साल्यूत-७' ला भेट दिली आणि तेथील उपयुक्त साहित्य 'मीर' वर नेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये 'साल्यूत-७' पृथ्वीच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. स्त्रेकालोव मार्च १९९५ मध्ये पुन्हा 'मीर' कडे निघाले, तेव्हा त्यांच्या शेजारी नॉर्मन थॅगार्ड हे अमेरिकी अंतराळवीर होते. रशियन अग्निबाणावरून गेलेले थॅगार्ड हे पहिले अमेरिकी. पूर्वीचे प्रतिस्पर्धी आता एकाच यानात बसू लागले होते.

८. एक्केचाळीस वर्षांनंतर

'मीर' च्या अनुभवातूनच आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक घडले. २ नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसांची वस्ती अखंड आहे. २५ जून २०२५ रोजी अमेरिकेतील केनेडी अंतराळ केंद्रावरून 'ॲक्सिअम-४' ही मोहीम निघाली. तिच्या कमांडर पेगी व्हिटसन. त्यांच्यासोबत भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला पायलट म्हणून होते. इतर दोघे पोलंडचे स्वावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. भारत, पोलंड आणि हंगेरी हे तिन्ही देश पूर्वी सोव्हिएत यानांतून पाहुणे पाठवणारे होते, आणि तिघांचेही वीर चार दशकांहून अधिक काळाने पुन्हा जात होते. ही मोहीम एका खासगी कंपनीची होती व त्या त्या देशांच्या सरकारांनी पैसे मोजून जागा घेतल्या होत्या, हा मोठा फरक मात्र नोंदवला पाहिजे.

या मोहिमेचे उड्डाण अनेकदा पुढे ढकलावे लागले. एकदा अग्निबाणात द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. पुढे स्थानकाच्या रशियन विभागातील हवेच्या गळतीची तपासणी करायची होती. आपल्याकडे त्या वेळी कित्येकांनी "पुन्हा लांबले" म्हणून नाराजी व्यक्त केली. परंतु १९७१ च्या झडपेची आणि १९८३ च्या आगीची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, तो अशा विलंबाला अपयश म्हणणार नाही. गळती दिसल्यावर जो थांबतो, तोच प्रवाशांना परत आणतो. १५ जुलै २०२५ रोजी चौघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. शुक्ला यांच्यासाठीही एक राखीव वीर सज्ज होते, ग्रुप कॅप्टन प्रशांत बालकृष्णन नायर. मल्होत्रांप्रमाणेच त्यांचेही नाव विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे.

९. आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, पाठ केलेल्या उत्तरापुढे एक प्रश्न अधिक विचारण्याची सवय लावून घ्यावी. 'कोण गेला' याचे उत्तर एका नावात संपते. 'कसा गेला, कोणामुळे गेला आणि मागे काय ठेवून आला' असे विचारले की खरा अभ्यास सुरू होतो.

दुसरी गोष्ट, चुकीचे कारण शोधून ती दुरुस्त केली, तरच गेलेल्यांचे जाणे पुढच्यांच्या उपयोगी पडते. तिघांच्या मृत्यूनंतर यान बदलले नसते, तर केवळ श्रद्धांजलीच्या सभांनी चौथा माणूस वाचला नसता.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट यानांच्या अदलाबदलीत आहे. पाहुणे आठवडाभर राहिले, सन्मान घेऊन परतले, पण जाताना चांगले यान राहणाऱ्यांना देऊन गेले. त्यांच्या आठवड्याचे मोल त्यांनी असे चुकते केले. ज्या वसतिगृहात आपण शिकलो, ज्या ग्रंथालयातून पुस्तके नेली, तेथून बाहेर पडताना पुढच्या मुलासाठी आपण काय ठेवून आलो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. जुन्या यानातून परतूनही राकेश शर्मा पहिले भारतीय अंतराळवीर ठरलेच. त्यांच्या मानात त्यामुळे तसूभरही उणेपणा आला नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'सोयूझ-११' च्या दुर्घटनेचे कारण काय होते? त्यानंतर यानाच्या रचनेत कोणता बदल झाला?

२. खालच्या कक्षेतील यान वरच्या कक्षेतील स्थानकाला कसे गाठते, हे आकृती काढून स्पष्ट करा.

३. पाहुण्या चमूने नवे यान मागे का ठेवले? दोन कारणे सांगा.

४. एका व्यक्तीवर केलेल्या प्रयोगावरून सर्वसाधारण नियम का काढता येत नाही? आपल्या परिसरातील एक उदाहरण द्या.

५. राखीव चमूतील व्यक्तीचे मोहिमेतील स्थान काय असते? गटात चर्चा करून दहा ओळी लिहा.